एकच मेणबत्ती, दोन प्रकारची लाली: घरगुती मसाज मेणबत्तीचं एक प्रकरण

मसाज मेणबत्ती दिसायला मेणबत्ती असते, पण तिचं खरं काम ज्योत विझल्यावर सुरू होतं. वितळलेलं तेल अंगावर ओतायचं आणि चोळायचं असतं. म्हणजे वस्तू सौंदर्यप्रसाधनाची, आणि ती तयार होते मेणबत्तीच्या साच्यात. घरी बनवताना बहुतेक चुका इथेच होतात: वात, मेण, सुगंध यांची सगळी प्रमाणं शोभेच्या मेणबत्तीची घेतली जातात. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका ४०० ग्रॅमच्या घाण्याचं आहे.

घाणा दोन काचेच्या बरण्यांत ओतला होता, प्रत्येकी २०० ग्रॅम, बरणीचा व्यास साडेसात सेंटीमीटर. साधारण तीन आठवड्यांत त्यातली एक बरणी तीन वेळा वापरली गेली. पहिल्या दोन वेळा काही तक्रार नव्हती. तिसऱ्या वेळी मेणबत्ती दोन तास जळत राहिली, मग ज्योत विझवून लगेच तेल थेट पाठीवर ओतलं. ओतताक्षणी चटका बसला आणि खांद्यापासून कमरेकडे बोटभर रुंदीचा लाल ओघळ उठला. तो काही तासांत फिका पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र पूर्ण पाठीवर बारीक, खाजरे पुरळ आले. ओघळाच्या जागी तर आलेच, पण जिथे गरम तेल पडलंच नव्हतं तिथेही आले. मालिश करणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांतही खाज होती.

घरात निष्कर्ष निघाला की तेल जास्त गरम होतं, पुढच्या वेळी थोडं थांबून ओतू. हा निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. भाजल्याची लाली ताबडतोब येते आणि तेल जिथे पडलं तेवढ्याच जागेवर, त्याच आकारात उठते. अ‍ॅलर्जीची लाली एक ते तीन दिवसांनी येते आणि तेल जिथवर पसरलं तिथवर जाते. पाठीवर ओघळ आणि पुरळ यांचे दोन वेगळे नकाशे होते, वेळाही वेगळ्या होत्या. म्हणून कारणंही दोन शोधायला हवीत. थांबून ओतल्याने पहिलं सुटलं असतं, दुसरं नाही.

घाण्यात काय होतं

स्तंभ मेणबत्त्यांसाठी (बरणीशिवाय उभ्या राहणाऱ्या) मिळणारं कडक सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीन तेलाचं मेण, २३० ग्रॅम, मधमाश्यांचं मेण ४० ग्रॅम, खोबरेल तेल ९८ ग्रॅम आणि दालचिनी-संत्र्याचं सुगंधी तेल ३२ ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या ८ टक्के. वात जाड, आधीच मेणात बुडवून मिळते ती. घटकांत विषारी असं काही नाही. पण हे चारही आकडे त्वचेसाठी चुकीचे आहेत.

आधी उष्णतेकडे पाहू. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. कडक सोया वॅक्सही बरणीच्या मऊ सोया वॅक्सपेक्षा बरंच वर वितळतं. मऊ प्रकार ४६ ते ५० अंशांच्या आसपास सैल होतो. खोबरेल तेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं, त्यामुळे मिश्रणाचा वितळबिंदू थोडा खाली येतो, पण मेणाचा वाटा इतका मोठा असल्यावर फार खाली येत नाही.

आता घरगुती कृतींमधला सगळ्यात पसरलेला गैरसमज. ‘सोया वॅक्स कमी तापमानाला वितळतं, म्हणून ते भाजत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. वितळबिंदू हे तेलाचं किमान तापमान आहे. त्याहून थंड असेल तर ते घट्टच राहील. कमाल किती होईल ते वितळबिंदू ठरवत नाही. ते ठरवतात वात, बरणी आणि जळण्याचा वेळ. ज्योतीभोवती घट्ट मेण जवळ असतं तोवर उष्णता ते वितळवण्यात खर्च होते आणि तळं, म्हणजे वातीभोवती साचलेलं वितळलेलं तेल, फारसं तापत नाही. तळं काठाला भिडलं, खोल झालं, की वितळायला जवळपास उरत नाही आणि सगळी उष्णता तेल तापवण्यात जाते. उंच काचेची बरणी ही उष्णता धरूनही ठेवते.

या बरणीत दोन तासांनी तळं दीड सेंटीमीटर खोल झालं होतं. दुसरी, न वापरलेली बरणी तशीच पेटवून प्रोब थर्मामीटरने (टोक तेलात बुडवून मोजायच्या) मोजली, तेव्हा ज्योत विझवल्यावर मध्यभागी ६८ आणि काठाला ६१ अंश भरले. मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली गरम पाण्याने त्वचा किती वेळात भाजते याची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यानुसार ४९ अंशांना गंभीर भाजायला नऊ-दहा मिनिटं लागतात, ५५ ला साधारण अर्धं मिनिट, आणि ६० ला फक्त पाच सेकंद. तेलात पाण्याइतकी उष्णता मावत नाही, हे खरं. पण तेल अंगावरून पाण्यासारखं निथळून जात नाही, चिकटून राहतं. त्यात मेण जास्त असेल तर ते त्वचेवर गोठताना दडलेली उष्णताही सोडतं. म्हणून ६१ अंशांचं तेल बारीक धारेने ओतलं तरी सुरक्षित म्हणता येत नाही. इथे पातळ थर झटकन निवला आणि काम वरवरच्या लालीवर भागलं. तळहातभर साचलं असतं तर फोड आला असता.

भाजल्यास लगेच २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावं. गोठलेलं मेण ओरबाडून काढू नये. बर्फ, लोणी, टूथपेस्ट काही लावू नये.

सुगंधाचा घोटाळा

आता पुरळ. हा भाग जास्त गंभीर आहे, कारण भाजल्याची खूण जाते, अ‍ॅलर्जी मात्र आयुष्यभर राहू शकते.

सुगंधी तेलाच्या बाटलीवर ‘मेणबत्तीसाठी कमाल १० टक्के’ असं लिहिलं होतं. म्हणून ८ टक्के घातलं. बाटलीवरचं वाक्य खोटं नव्हतं. ते दुसऱ्या वापराबद्दल होतं. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, म्हणजे इफ्रा, सुगंधाच्या मर्यादा वस्तूच्या प्रकारानुसार देते. मेणबत्ती येते वर्ग १२ मध्ये, जिथे त्वचेशी संपर्क जवळजवळ नाही असं धरलेलं असतं. म्हणून तिथले आकडे मोठे असतात, अनेक सुगंधांना तर मर्यादाच नसते. अंगाला लावून तशीच राहू द्यायची तेलं आणि लोशनं येतात वर्ग ५ए मध्ये. मसाज मेणबत्तीला हाच वर्ग लागतो, ती पेटत असली तरी. सुगंध विकणाऱ्याकडून इफ्राच्या मर्यादांचं प्रमाणपत्र मागवायचं, त्यात ५ए ची ओळ शोधायची, आणि तिथला आकडा पाळायचा. प्रमाणपत्र मिळत नसेल तर तो सुगंध त्वचेवर वापरायचा नाही. यात तडजोडीला जागा नाही.

त्यातून निवड दालचिनीची. दालचिनीच्या वासाचा मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड आहे आणि तो त्वचेला अ‍ॅलर्जी लावणाऱ्या सुगंधी घटकांत अग्रणी आहे. लवंगेतलं युजेनॉल आणि गवती चहातलं सिट्रल याच रांगेत येतात. लिंबूवर्गीय तेलांची आणखी एक भानगड: साल दाबून काढलेल्या काही तेलांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. बर्गमॉटच्या दाबून काढलेल्या तेलाला यासाठीच अंगावर राहणाऱ्या वस्तूंत ०.४ टक्के एवढीच मर्यादा आहे. ‘नैसर्गिक आहे’ या शब्दाने यातलं काहीच बदलत नाही. जुनं, हवा लागलेलं लॅव्हेंडर किंवा संत्र्याचं तेलही ताज्यापेक्षा जास्त त्रासदायक असतं, कारण त्यातल्या लिनालूल आणि लिमोनीनचं ऑक्सिडेशन होऊन अ‍ॅलर्जी करणारी द्रव्यं तयार होतात.

पहिल्या दोन वेळा काहीच का झालं नाही? शरीराला एखाद्या द्रव्याची ‘ओळख’ पटायला दहा-पंधरा दिवस लागतात. त्या काळात लक्षण दिसत नाही. ओळख पटल्यावर पुढच्या संपर्कात एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. दोनदा वापरलं आणि काही झालं नाही, यावरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही. या घरात ‘पॅच टेस्ट’ केलीही होती, पण फक्त खोबरेल तेलाची आणि दहा मिनिटांपुरती. चाचणी पूर्ण तयार मिश्रणाची हवी, सुगंधासकट. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावावं, आणि मधे कुठेही लाली, खाज, सूज दिसली की थांबावं. २४ तासांची चाचणी मुख्यतः जळजळ पकडते. अ‍ॅलर्जी तिला चकवा देऊ शकते.

ज्यांना पुरळ आलं त्यांनी घरी पुन्हा ‘तपासून’ बघायचं नाही. प्रत्येक नव्या संपर्कात प्रतिक्रिया वाढू शकते. बाटली आणि तिचं प्रमाणपत्र जपून ठेवून ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं हाच मार्ग.

घाणा पुन्हा कसा बसवला

नवं प्रमाण, एकूण ४०० ग्रॅम:

बरणीसाठीचं मऊ सोया वॅक्स १८० ग्रॅम
शुद्ध केलेलं शिया बटर ६० ग्रॅम
खोबरेल तेल ६० ग्रॅम
जोजोबा किंवा गोड बदामाचं तेल ९४ ग्रॅम
व्हिटॅमिन ई २ ग्रॅम
५ए वर्गाचा आकडा तपासलेला सुगंध, जास्तीत जास्त ४ ग्रॅम

सुगंधाचे ४ ग्रॅम म्हणजे १ टक्का. प्रमाणपत्रातला आकडा त्याहून कमी असेल तर तो पाळायचा आणि उरलेलं वजन जोजोबाने भरायचं. बदाम किंवा इतर कवचफळांची अ‍ॅलर्जी असलेल्या कोणाच्याही अंगावर जाणार असेल तर बदाम तेल नको. खोली ३५ अंशांच्या वर जाते अशा ठिकाणी हे मिश्रण लोण्यासारखं मऊ राहतं. तिथे सोया वॅक्स २२० ग्रॅम आणि जोजोबा किंवा बदामाचं तेल ५४ ग्रॅम करावं, बाकी तसंच. मधमाश्यांचं मेण पूर्ण काढलं आहे. मिश्रण ‘घट्ट बसावं’ म्हणून पुष्कळ कृतींमध्ये ते घालतात. त्याचा वितळबिंदू पाहता मसाज मेणबत्तीत त्याला जागा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. रंग, अभ्रकाची चमक, वाळलेल्या पाकळ्या यांनाही नाही: अभ्रक वातीत अडकतं आणि पाकळी पेट घेते.

सगळं वजनाने मोजायचं, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चमच्याने सुगंध मोजला की ४ चे ६ ग्रॅम कधी होतात ते कळतही नाही. भांडी, ढवळणी, डबे पूर्ण कोरडे हवेत. या मिश्रणात पाणी नसतं म्हणून त्याला जंतुरोधक लागत नाही. पाण्याचा थेंब गेला तर ही सवलत संपते, शिवाय पेटल्यावर ज्योत तडतडते. व्हिटॅमिन ई जंतुरोधक नाही. ते फक्त तेल खवट होणं लांबवतं.

सोया वॅक्स आणि शिया बटर एका भांड्यात घेऊन ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, थेट आचेवर कधीही नाही. तापमान ७५ अंशांवर आणून २० मिनिटं तिथेच धरायचं. शियासाठी हे आवश्यक आहे. त्यातले घट्ट आणि मऊ स्निग्ध घटक वेगवेगळ्या वेगाने गोठतात, आणि अर्धवट वितळवून सावकाश निववलं तर रव्यासारखे कण उठतात. कण त्वचेला अपाय करत नाहीत, पण मालिश करताना हाताला लागतात. खाली उतरवून खोबरेल आणि जोजोबा मिसळायचं. ६० अंशांवर आलं की व्हिटॅमिन ई आणि सुगंध घालून दोन मिनिटं संथ ढवळायचं. जोरात ढवळलं की हवा अडकते. मग भांडं गार पाण्यात धरून ढवळत राहायचं, पाण्याचे शिंतोडे आत न जाऊ देता, आणि ५० अंशांच्या आसपास, किंचित धुरकट दिसायला लागलं की ओतायचं. वर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटली तर ते सोया वॅक्सचे स्फटिक आहेत, दोष नाही.

भांडं बदललं. काचेऐवजी ६ सेंटीमीटर व्यासाच्या, चोच असलेल्या चिनी मातीच्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत १०० ग्रॅम. चोच शोभेसाठी नाही. चोच नसली की तेल बाहेरच्या बाजूने ओघळतं, तिथे काजळी असते, आणि धार कुठे पडेल ते हातात राहत नाही.

वातीची मेहनत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो. या मिश्रणात पातळ तेल खूप असल्याने फार बारीक वात तेलात बुडून विझते. ती विझते म्हणून लोक जाड वात लावतात आणि पुन्हा तळं तापतं. मधली वात अंदाजाने सापडत नाही. सारख्याच वाट्यांत सारखंच मिश्रण ओतून तीन जाडींच्या वाती लावल्या. तिन्ही विणलेल्या सुती होत्या, आत धातूची तार नव्हती, आणि पॅराफिनऐवजी त्याच मिश्रणात बुडवून वाळवल्या होत्या. ओतल्यावर ४८ तास तशाच ठेवल्या. मग वात ५ मिलिमीटरवर कापून पेटवल्या आणि २०, ३०, ४० मिनिटांना तळ्याची रुंदी, खोली आणि तापमान नोंदवलं.

बारीक वात २५ मिनिटांत बुडाली. जाड वातीच्या टोकाला १५ मिनिटांत काळी छत्री आली, तिचे कण तळ्यात पडले आणि ४० मिनिटांना मध्यभागी ६२ अंश भरले. अंगाला लावायच्या तेलात ते काळे कण, म्हणजे काजळी, चालत नाहीत, एवढ्यावरही ती वात बाद झाली असती. मधली वात ४० मिनिटांत ७ मिलिमीटर खोल तळं देत होती, काठाला थोडं घट्ट मेण शिल्लक राहत होतं. ज्योत विझवल्यावर मध्यभागी ५३, काठाला ४६, आणि ढवळून सहा मिनिटांनी सगळीकडे ४२. हीच वात ठेवली. वेळही ठरली: ३० ते ४० मिनिटांच्या पुढे जाळायची नाही. काठाला घट्ट कडं दिसतंय तोवर तळं आटोक्यात आहे, ही नजरेने ओळखायची खूण.

मोजायला प्रोब थर्मामीटरच घ्यावा. इन्फ्रारेड यंत्र चकचकीत धातूच्या डबीवर चुकीचा, बहुतेक वेळा कमी, आकडा दाखवतं आणि इथे कमी आकडाच घातक.

वापरताना ज्योत फुंकून विझवली की धूर आणि तेलाचे शिंतोडे उडतात. वात चिमट्याने तेलात वाकवून विझवावी आणि लगेच सरळ उभी करावी. पाच-सहा मिनिटं थांबावं, ढवळावं, मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब घ्यावा. कोमट वाटला पाहिजे, गरम नाही. ४२ अंशांच्या वर असेल तर ओतू नये. तेल आधी मालिश करणाऱ्याच्या तळहातावर, मग अंगावर. थेट पाठीवर धार सोडण्याची छायाचित्रं सुंदर दिसतात, पण चटका बसतो तो याच पद्धतीत. चेहरा, जखम, नुकतं दाढी किंवा वॅक्सिंग केलेली त्वचा आणि लहान मुलं यांच्यासाठी ही वस्तू नाही. तेलाने लॅटेक्सचे निरोध कमकुवत होतात, हेही वेष्टनावर लिहावं.

बनवताना तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही. झाकण ठेवायचं आणि आच बंद करायची. म्हणून मापाचं झाकण आधीपासून हाताशी हवं. तेलाने माखलेले टॉवेल गोळा करून टोपलीत कोंबू नयेत, आणि तेल नीट न निघता ड्रायरमध्ये गरम वाळवून घडी घालू नयेत. वनस्पती तेलं हवेशी संयोग होताना स्वतःच तापतात आणि अशा घड्यांना आग लागल्याची उदाहरणं आहेत. गरम पाणी, भरपूर साबण, आणि मोकळं पसरून वाळवणं.

उरलेल्या जुन्या घाण्याचं काय करायचं, हा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. दोन्ही बरण्या मिळून सुमारे ३०० ग्रॅम मेण शिल्लक होतं. ते वाया जाऊ नये म्हणून साधं तेल मिसळून ‘सौम्य’ करण्याचा विचार झाला. हिशेब केला: ३०० ग्रॅममध्ये ८ टक्क्यांनी २४ ग्रॅम सुगंध आहे. तो १ टक्क्यावर आणायचा तर एकूण मिश्रण २,४०० ग्रॅम करावं लागेल, आणि दालचिनीच्या सुगंधाला ५ए मध्ये १ टक्काही मिळेलच असं नाही. ज्याला एकदा पुरळ आलं त्याला तर त्याहून कितीतरी कमी मात्राही पुरते. शोभेची मेणबत्ती म्हणून दुसऱ्या घरी द्यावी, तर वात जाड, बरणी तापणारी, आणि वास घेऊन कोणीतरी तेल हाताला लावून पाहणारच. शेवटी दोन्ही बरण्या गरम पाण्यात ठेवून मेण सैल केलं, कागदात ओतून गोठवलं आणि कचऱ्यात टाकलं. मोरीत ओतलं नाही, कारण नळीत जाऊन ते पुन्हा गोठतं. बरण्या धुतल्यावरही त्यांना दालचिनीचा वास येत राहिला, म्हणून त्या पुन्हा मसाज मेणबत्तीसाठी घेतल्या नाहीत.